गांडुळाची पाठ कोणती आणि पोट कोणतं, हे खात्रीने कसं ओळखायचं?

प्रश्न असा आहे. विच्छेदनाच्या ट्रेमध्ये गांडूळ ठेवलं आहे आणि सूचना आहे की छेद पाठीच्या बाजूने घ्या. गांडुळाला ना डोळे, ना पाय. अंग सगळीकडून गोल. गडद बाजू वरची असं वाचलेलं असतं, पण समोरचं गांडूळ चहूबाजूंनी सारखंच मातकट दिसतं. मग पाठ कोणती आणि पोट कोणतं, हे ठरवायचं कसं?

थोडक्यात उत्तर: रंगावर निर्णय सोपवू नका. पाठीच्या मधोमध अंगाच्या लांबीभर गेलेली गडद रक्तवाहिनी शोधा, आणि मग पोटाकडची जननरंध्रं शोधा. वाहिनी एका बाजूला आणि रंध्रं तिच्या विरुद्ध बाजूला दिसली की निश्चिंत व्हा. एकाच खुणेच्या भरवशावर कात्री चालवायची नाही, हा नियम मी प्रत्येक विद्यार्थ्याला घालून देतो. गांडुळाच्या बाहेरून दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खुणेला कुठली ना कुठली जात अपवाद असते. एका जातीत जी खूण हमखास लागू पडते तीच दुसऱ्या जातीत फसवते.

म्हणून आधी आपल्या हातात कोणतं गांडूळ आहे ते बघावं. जातीचं पूर्ण नाव कळलंच पाहिजे असं नाही, पण गट कळला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत दोन नमुने प्रामुख्याने येतात. एक युरोपीय लंब्रिकस टेरेस्ट्रिस आणि दुसरं आशियातलं फेरेटिमा पोस्थुमा, ज्याला आता मेटाफायर पोस्थुमा म्हणतात. या दोघांची बाह्यरचना इतकी वेगळी आहे की एकाचं वर्णन वाचून दुसरं हाताळलं तर गोंधळ अटळ आहे. मला वाटतं, बहुतेकांची अडचण इथेच होते: आकृती लंब्रिकसची आणि ट्रेमध्ये फेरेटिमा.

दोघांत फरक करणं सोपं आहे. गांडुळाच्या अंगावर जो जाडसर, फिकट पट्टा असतो त्याला पर्याणिका किंवा क्लायटेलम म्हणतात. गांडुळाचं अंग ज्या कड्यांसारख्या भागांचं बनलेलं असतं त्यांना खंड म्हणतात. फेरेटिमात हा पट्टा 14 ते 16 या तीन खंडांवर असतो आणि अंगाभोवती पूर्ण कडं करतो. लंब्रिकस टेरेस्ट्रिसमध्ये तो बराच मागे, 32 ते 37 या खंडांवर असतो आणि पाठीवर घातलेल्या खोगिरासारखा दिसतो. पाठीवर आणि बाजूंना तो फुगीर असतो, पोटाखाली मात्र तसा भरलेला नसतो. म्हणजे लंब्रिकसच्या गटात पर्याणिका स्वतःच वरची-खालची बाजू सांगते: जाड भाग वर, चपटा भाग खाली. खतासाठी पाळतात त्या आयसेनिया फेटिडाची पर्याणिकाही अशीच खोगिराच्या घडणीची असते. फेरेटिमात ती चारही बाजूंनी सारखी असल्याने पाठ-पोट ओळखायला तिचा उपयोग नाही. तिथे ती फक्त पुढचं टोक कोणतं ते सांगते, कारण पर्याणिका नेहमी डोक्याच्या टोकाला जवळ असते.

हे पुढचं टोक आधीच ठरवून घ्यावं. सगळी मोजणी तिथूनच करायची असते. खंड मोजताना तोंडावरचा छोटासा ओठ, म्हणजे प्रोस्टोमियम, धरायचा नाही. तो खंड नाही; त्याच्या मागचा, तोंडाभोवतीचा खंड पहिला. हा ओठ तोंडावर पाठीकडून पुढे आलेला असतो आणि तोंड त्याच्या खाली, किंचित पोटाच्या बाजूला उघडतं. भिंगातून पुढचं टोक नीट पाहिलं तर एवढ्यावरूनही वरची-खालची बाजू कळू शकते. जिवंत गांडूळ मात्र हा ओठ सतत आत-बाहेर करतं, आणि मेल्यावर तो बऱ्याचदा आत ओढला जातो, म्हणून त्याला मी दुय्यम खूण मानतो. मोठ्या गांडुळांत एकेका खंडावर आडव्या बारीक वळ्याही असतात आणि मोजताना त्यांनाच खंड समजलं जातं. फेरेटिमात प्रत्येक खंडाच्या मध्यावर दृढरोमांचं, म्हणजे त्वचेतून बाहेर आलेल्या ताठ, बारीक केसांचं, एक वर्तुळ असतं. वर्तुळं मोजली की खंड चुकत नाहीत. फक्त पहिल्या आणि शेवटच्या खंडावर दृढरोम नसतात आणि पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या पर्याणिकेवरही ते दिसत नाहीत, हे लक्षात ठेवावं.

आता मुख्य खूण. पाठीच्या मध्यरेषेखाली, आतड्याच्या वर, एक मोठी रक्तवाहिनी अंगाच्या लांबीभर जाते. तिला पृष्ठ रक्तवाहिनी म्हणतात. गांडुळाचं रक्त लाल असतं, पण त्याचं हिमोग्लोबिन पेशींत नसून द्रवातच विरघळलेलं असतं. त्वचा पातळ असल्याने ही वाहिनी बाहेरून गडद रेघेसारखी दिसते. फेरेटिमात ती साध्या डोळ्यांनीही सहसा दिसते. दिसली नाही तर गांडूळ ओल्या काचेवर ठेवून खालून उजेड द्यावा. आतडं मातीने भरलेलं असेल तर मधला भाग काळाच दिसतो, अशा वेळी पुढचा भाग बघावा किंवा कोवळं, पातळ त्वचेचं गांडूळ घ्यावं.

फिकट जातींत पोटाकडची वाहिनीसुद्धा अंधूक दिसते, आणि दोन रेघांपैकी कोणती खरी असा प्रश्न पडतो. जिवंत गांडुळात त्याचं उत्तर लगेच मिळतं. पृष्ठ रक्तवाहिनी स्वतः आकुंचन पावते. अधर, म्हणजे पोटाकडची, रक्तवाहिनी तशी धडधडत नाही. पाठीवरच्या रेघेत आकुंचनाच्या लाटा मागून पुढे, म्हणजे शेपटीकडून डोक्याकडे, सरकताना दिसतात. गांडूळ स्वस्थ असताना एखादा मिनिट एकाच जागी नजर ठेवली की रेघ बारीक होते, जाड होते, पुन्हा बारीक होते. जी रेघ धडधडते ती पाठ, आणि लाट जिकडे जाते तिकडे डोकं. एकाच निरीक्षणात दोन्ही उत्तरं मिळतात आणि गांडुळाला इजाही होत नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट हीच दाखवावी असं मला मनापासून वाटतं. एवढ्याशा प्राण्याच्या अंगात रक्त पुढे ढकललं जाताना बाहेरून दिसतं, ते एकदा पाहिलं की पृष्ठीय आणि अधर हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

मेलेल्या किंवा परिरक्षित (रसायनात टिकवून ठेवलेल्या) नमुन्यात धडधड नसते. तिथे जननरंध्रांकडे वळायचं. ती पोटाच्या बाजूला असतात, आणि हे सोयीचं का आहे ते मीलनाकडे पाहिलं की समजतं: दोन गांडुळं एकमेकांच्या पोटाला पोट लावून, उलट दिशांना तोंडं करून जुळतात. फेरेटिमा पोस्थुमात मादी जननरंध्र एकच असतं, 14 व्या खंडावर, पोटाच्या अगदी मध्यावर. ते फार बारीक असतं, भिंगाशिवाय सापडत नाही. नर जननरंध्रांची जोडी 18 व्या खंडावर असते आणि तिच्या पुढे-मागे, 17 व्या आणि 19 व्या खंडांवर, जननपिंडिकांची एकेक जोडी असते. हे चार उंचवटे वाढ झालेल्या गांडुळात अगदी स्पष्ट दिसतात. पर्याणिकेच्या मागच्या कडेला लागून असलेल्या खंडापासून मागच्या दिशेने तीन खंड तपासायचे. उंचवटे दिसले की तेच पोट. फेरेटिमासाठी यापेक्षा भरवशाची दुसरी बाह्य खूण मला माहीत नाही.

लंब्रिकस टेरेस्ट्रिसमध्ये नर जननरंध्रं 15 व्या खंडावर असतात. त्यांच्या कडा ओठांसारख्या फुगलेल्या असल्याने ती साध्या डोळ्यांनाही दिसतात. मादी जननरंध्रं 14 व्या खंडावर, बारीक. इथे क्रम लक्षात घ्या: लंब्रिकसमध्ये ही रंध्रं पर्याणिकेच्या बरीच पुढे आहेत, तर फेरेटिमात मादीरंध्र पर्याणिकेवर आणि नररंध्रं तिच्या मागे. लंब्रिकसमध्ये 15 व्या खंडापासून पर्याणिकेपर्यंत पोटाच्या दोन्ही अंगांना एकेक खाचही जाते. मीलनाच्या वेळी शुक्राणू तिच्यातून वाहत जातात.

गांडूळ लहान असेल, पर्याणिकाही आलेली नसेल आणि रंध्रांचे उंचवटेही नसतील, तर स्पर्शाची मदत घेता येते. पण ती फक्त लंब्रिकसच्या गटात. त्यात प्रत्येक खंडावर आठ दृढरोम असतात, चार जोड्यांत. दोन जोड्या पोटाकडे आणि दोन बाजूंना. पाठ मोकळी. ओलं बोट शेपटीकडून डोक्याकडे हलकेच फिरवलं तर पोटाची बाजू खरखरीत लागते आणि पाठ गुळगुळीत. कोरड्या कागदावर गांडूळ सरकत असेल तर या दृढरोमांची बारीक खरखर ऐकूसुद्धा येते. फेरेटिमात मात्र एकेका खंडावर साधारण 80 ते 120 दृढरोम पूर्ण गोलाकार रांगेत असतात. पाठीवरही तितकेच, पोटावरही तितकेच. त्यामुळे 'खरखरीत बाजू ती पोटाची' हा सल्ला फेरेटिमाला लावायचा नाही. हा सल्ला सरसकट सगळ्या गांडुळांसाठी छापलेला दिसतो, आणि तो खोडून टाकावा असं मला वाटतं.

पाठीच्या बाजूची आणखी एक खूण फारशी कुणी वापरत नाही, पण ती खरोखर चांगली आहे: पृष्ठरंध्रं. दोन खंडांमधल्या खाचेत, पाठीच्या नेमक्या मध्यरेषेवर, एकेक बारीक छिद्र असतं. ते थेट देहगुहेत, म्हणजे देहभित्ती आणि आतडं यांच्यामधल्या पोकळीत, उघडतं आणि त्यातून देहगुहेतला द्रव बाहेर येऊन त्वचा ओली ठेवतो. फेरेटिमात ही रंध्रं 12 व्या आणि 13 व्या खंडांमधल्या खाचेपासून सुरू होतात आणि जवळजवळ शेपटीपर्यंत असतात. शोधायची असतील तर त्वचा टिपकागदाने हलकेच टिपून घ्या, अंग किंचित वाकवा म्हणजे खाचा उघडतील, आणि भिंगातून पहा. बाजूंनी हलका दाब दिला की ओळीने बारीक थेंब येतात. थेंबांची ही ओळ म्हणजे पाठीची मध्यरेषा. आयसेनिया फेटिडात हा द्रव पिवळसर आणि उग्र वासाचा असतो. ऑस्ट्रेलियात तर डिडिमोगॅस्टर सिल्व्हॅटिकस नावाचं गांडूळ डिवचल्यावर हा द्रव पिचकारीसारखा उडवतं. पाण्यात राहणाऱ्या गांडूळवर्गीय प्राण्यांत मात्र ही रंध्रं बहुधा नसतात, तिथे शोधत बसू नका.

आता रंगाबद्दल. रंग पूर्ण निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. जमिनीवर येऊन पालापाचोळा खाणाऱ्या किंवा पाचोळ्यातच राहणाऱ्या जातींत पाठ गडद आणि पोट फिकट असतं, आणि लंब्रिकस टेरेस्ट्रिसच्या पुढच्या भागात तर हा फरक ठळक दिसतो. पण मातीच्या आतच राहून माती खाणाऱ्या जातींत, उदाहरणार्थ ॲपोरेक्टोडिया कॅलिजिनोसात, रंगद्रव्य जवळजवळ नसतं आणि अंग सगळीकडे राखाडी-गुलाबी दिसतं. परिरक्षक द्रवात राहिलेल्या नमुन्याचा रंगही हळूहळू उतरतो. म्हणून गडद-फिकट असा स्पष्ट फरक दिसला तर तो पुरावा म्हणून घ्या. दिसला नाही तर त्यावरून काहीही ठरवू नका.

जिवंत गांडूळ असेल तर ते स्वतःही उत्तर देतं. ओलसर कागदावर त्याला उताणं करा. ते पुढचं टोक वळवून आधी तेवढाच भाग पोटावर आणतं आणि मग ती पीळ मागे सरकत जाऊन सगळं अंग सुलटं होतं. स्वस्थ झाल्यावर जी बाजू कागदाला टेकलेली आहे ते पोट. कोरड्या बोटांनी त्याला फार वेळ धरून ठेवू नये. ते त्वचेवाटे श्वास घेतं, आणि त्वचा सुकली की गुदमरतं.

या पिळामुळे विच्छेदनात एक अडचण हमखास येते. मेलेलं गांडूळ क्वचितच सरळ असतं. पुढच्या भागात पाठ वर असते, मध्यावर तीच बाजू कडेला गेलेली असते आणि शेपटीकडे आणखी फिरलेली असते. एका ठिकाणी खूण पाहून सरळ रेषेत कात्री चालवली तर मागे जाता जाता छेद पोटाकडे उतरतो. त्यामुळे खूण तीन ठिकाणी तरी पहा: पर्याणिकेपाशी, मध्यावर आणि शेपटीजवळ. पीळ असेल तर बोटांनी हलकेच उलगडून मगच टाचण्या लावा. गांडूळ आधी साधारण 10 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून बधिर केलं तर ते सैल पडतं आणि पिळाचा त्रास बराच कमी होतो. थेट तीव्र अल्कोहोलमध्ये टाकलं तर ते आक्रसतं, वेडंवाकडं होतं आणि भरपूर श्लेष्मल स्राव सोडतं. मग कोणतीच खूण धड दिसत नाही.

छेद पाठीकडूनच का, हेही सांगायला हवं. गांडुळाची मुख्य तंत्रिका रज्जू, म्हणजे मज्जातंतूंची दोरी, पोटाच्या बाजूला, देहभित्तीला अगदी लागून असते. पोटाकडून छेद घेतला तर पहिल्याच फटक्यात ती तुटते. पाठीकडूनही नेमक्या मध्यरेषेवर कापू नये, कारण तिथे पृष्ठ रक्तवाहिनी आहे. रेघेच्या किंचित बाजूने, कात्रीचं टोक वर उचलून धरत, फक्त देहभित्ती कापत जावं. पहिल्या चार-पाच खंडांत तर फारच उथळ कापावं. रज्जू पोटाकडे असली तरी मेंदू मात्र पाठीकडे आहे: तिसऱ्या खंडात, ग्रसनीच्या, म्हणजे घशाच्या, वर. तिथून तंत्रिकांची दोरी ग्रसनीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून खाली उतरते आणि रज्जूला मिळते. मेंदू दाखवायचा असताना तोच कापला गेला, ही विच्छेदनातली फार सामान्य हानी आहे आणि ती टाळता येते.

आपल्या शरीराशी ताडून पाहिलं तर ही मांडणी उलटी आहे. आपली मज्जारज्जू पाठीत आणि हृदय पुढच्या बाजूला. गांडुळाची रज्जू पोटात आणि रक्त पुढे ढकलणारी मोठी वाहिनी पाठीवर. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जॉफ्रवा सॅंतिलेर यांनी 1822 साली, झिंग्याच्या जातीतला लॉबस्टर उताणा ठेवून पाहिला तर त्याच्या अवयवांची मांडणी पृष्ठवंशी प्राण्यांसारखी दिसते, असं मांडलं. तेव्हा त्या कल्पनेला फारशी मान्यता मिळाली नाही. 1990 च्या दशकात मात्र फळमाशी आणि बेडूक यांच्या भ्रूणांत पाठ-पोट ठरवणारी जनुकं एकाच घराण्यातली असून त्यांचं काम नेमक्या उलट बाजूंना चालतं, असं दिसून आलं, आणि जुन्या कल्पनेकडे पुन्हा गांभीर्याने पाहिलं गेलं.

आडव्या छेदाची स्लाइड ओळखताना याच रचनेचा उपयोग होतो. काच सूक्ष्मदर्शकाखाली कशीही फिरलेली असू शकते, म्हणून आधी रज्जू शोधा. ती आतड्याच्या एका बाजूला, देहभित्तीजवळ, लहान गोल किंवा लंबगोल तुकड्यासारखी दिसते. तिच्या एका कडेला तीन मोठे गोल दिसतात. ते महातंतू, आणि ते रज्जूच्या पाठीकडच्या कडेलाच असतात. रज्जूच्या खाली उपतंत्रिका वाहिनी, वर अधर वाहिनी, मग आतडं, आणि आतड्याच्या वर पृष्ठ रक्तवाहिनी, असा क्रम लागतो. आतड्याच्या छतावरून आत लोंबणारी घडी म्हणजे टिफ्लोसोल. ती नेहमी पाठीकडची. लंब्रिकसमध्ये ती मोठी आणि चटकन दिसणारी असते. फेरेटिमात ती लहान असते आणि साधारण 27 व्या खंडापासून मागेच आढळते. म्हणजे पुढच्या भागाच्या छेदात टिफ्लोसोल दिसली नाही तर स्लाइड चुकीची आहे असं समजू नका. तिथे रज्जू आणि वाहिन्यांवरूनच बाजू ठरवा.

शेवटी तुटलेल्या मागच्या तुकड्याबद्दल, कारण माती खणताना मिळतात ते बरेचदा असेच तुकडे. त्यात पर्याणिका नाही, जननरंध्रं नाहीत, तोंडही नाही. तुकडा ताजा आणि जिवंत असेल तर धडधडणारी रेघ शोधा. नसेल तर पृष्ठरंध्रांची ओळ, आणि लंब्रिकसच्या गटातला असेल तर दृढरोमांच्या जोड्या. लंब्रिकस टेरेस्ट्रिसची शेपटी वरून-खालून चपटी असते, त्यामुळे तिच्या दोन रुंद बाजूंपैकी एक पाठ आणि दुसरी पोट हे आधीच नक्की असतं. त्या दोन बाजूंवरच भिंग फिरवायचं, अरुंद कडांवर वेळ घालवायचा नाही.